वैमानिकांचा संघ आणि संप

संप म्हटला म्हणजे गिरणीचा मुका भोंगा, थांबलेले माग आणि दरवाज्याशीं जमलेले मजूर आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. शूर म्हणून समाजांत मान पावलेला वैमानिक संपावर जाईल, हें सहसा मनांत येत नाहीं. परंतु अमेरिकेंतील वैमानिकांना एकदां हा प्रश्न सोडवावाच लागला. ती हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

१९२९ सालीं अमेरिकेंत मोठी मंदी आली. विमान-कंपन्या खर्चाला कात्री लावूं लागल्या, आणि त्यांची नजर वैमानिकांच्या पगाराकडे गेली. तेव्हां डेव्हिड बेन्की या वैमानिकाच्या पुढाकारानें जुलै १९३१ मध्यें शिकागो येथें निरनिराळ्या कंपन्यांतील वैमानिक जमले. मालकांस कळल्यास नोकरी जाण्याचें भय होतें, म्हणून बैठक गुप्तपणें भरली. संघ तर स्थापन झाला. पण तो मजुरांच्या महासंघाशीं जोडावा काय, हा प्रश्न अवघड होता. आपला धंदा डॉक्टर-वकिलांच्या पंक्तीचा, सुतार-गवंड्यांच्या रांगेंत आपण कां बसावें, असें पुष्कळांस वाटे. उलट पक्षाचें म्हणणें असें कीं, डॉक्टराला शंभर रोगी असतात, वैमानिकाला मालक एकच. शेवटीं हाच विचार ठरला, आणि त्याच वर्षीं संघ ‘अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर’ला जोडला गेला.

कसोटी लवकरच आली. मोटारींचे कारखानदार ई. एल. कॉर्ड यांची ‘सेंच्युरी एअरलाइन्स’ कंपनी शिकागोहून कमी भाड्यांत उतारू नेत असे. फेब्रुवारी १९३२ मध्यें त्यांनीं वैमानिकांचा पगार महिना ३५० डॉलरांवरून १५० डॉलरांवर आणण्याचें ठरविलें. वैमानिकांनीं नकार दिला. तेव्हां त्यांना दरवाजे बंद झाले व कमी पगारावर नवे वैमानिक आणले गेले. संपवाले मूठभरच होते. परंतु त्यांनीं आपलें गाऱ्हाणें शिकागोच्या नगरसभेपुढें व वॉशिंग्टनच्या काँग्रेसपुढें नेलें. तेथें पहिल्या महायुद्धांत स्वतः विमान चालविलेल्या ला गार्डिया यांनीं त्यांची बाजू घेतली. सरकारी टपालाचें कंत्राट मिळविण्याची कॉर्डसाहेबांची आशा मावळली, आणि एप्रिलमध्यें त्यांनीं कंपनी विकून टाकली. संघ टिकला, पण ज्या कंपनींत परतावयाचें तीच उरली नाहीं. हा विजय निर्भेळ म्हणवत नाहीं.

पुढल्या वर्षीं वाद अधिक सूक्ष्म झाला. विमानें वेगवान होऊं लागलीं, तेव्हां मैलांच्या हिशेबाऐवजीं तासांच्या हिशेबानें पगार द्यावा, असें कंपन्यांनीं ठरविलें. म्हणजे एका तासांत अधिक मैल कापले जाणार, आणि वेगाचा सारा नफा मालकाच्या पदरीं पडणार! १९३३ सालीं देशभर संपाची धमकी दिली गेली. पण प्रकरण सिनेटर वॅग्नर यांच्या श्रम-मंडळापुढें गेलें व संप टळला. मे १९३४ च्या निवाड्यानें पगारांत मूळ वेतन, तास व मैल या तिहींचा मेळ घातला, आणि महिन्यास ८५ तासांहून अधिक उड्डाण करवूं नये असें बंधन घातलें. १९३८ च्या विमान-कायद्यांत या निवाड्यास स्थान मिळालें.

मला या कथेंत ८५ तासांचा आंकडा सर्वांत मोलाचा वाटतो. पगाराची मागणी वैमानिकाची एकट्याची. परंतु थकलेल्या हातीं सुकाणूं नसावें, ही मागणी उतारूचीही आहे. अर्थात् विमानें थांबलीं तर अडकतो तोही उतारूच. म्हणून १९३६ सालीं रेल्वेचा श्रमकायदा विमानांस लागू झाला, आणि संपापूर्वीं मध्यस्थीची लांब वाट चालणें प्राप्त झालें.

मीं आयुष्यभर मास्तरकी केली. ‘आपलें कार्य पवित्र, तुम्हीं पगाराचें नांव काढूं नये’ हें वाक्य मीं पुष्कळदां ऐकलें, आणि बहुधा गप्प राहिलों. मान मिळतो म्हणून दाम मागूं नये, हा युक्तिवाद ज्याला दाम द्यावयाचा असतो त्यालाच फार सुचतो. त्या वैमानिकांना हें वेळीं उमगलें. खालीं उतरून मजुरांच्या रांगेंत उभे राहिल्यानें त्यांचा मान तसूभरही कमी झाला नाहीं.