शिकवलेला कुत्रा आणि दुसऱ्याची शेळी

आखातातल्या मराठी घरात कुत्रा आहे म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "बिल्डिंगमध्ये चालतो का?" आम्ही अल ऐनला राहायला आल्यापासून मात्र वेगळाच प्रश्न कानावर येतो, "बकरी के पीछे जाता है क्या?" विचारणारे असतात शहराबाहेरच्या इज्ब्यांवर, म्हणजे उंट-शेळ्यांच्या वाड्यांवर काम करणारे बलुची, बंगाली, सुदानी गडी. प्रश्न साधा वाटतो, पण त्यात त्यांची नोकरी अडकलेली असते. जनावरं मालकाची, हिशेब द्यायचा यांनी. गाभण शेळी नुसती घाबरून पळाली तरी गाभडते, त्यासाठी कुत्र्याने चावायलाच हवं असं नाही.

आमच्याकडे सलुकी जातीची कुत्री आहे. सडपातळ, लांब पायांची, आणि दूरवर काही हललं की कान टवकारणारी. तिला घेऊन वाळूत फिरताना माझ्या मनात यायचं की या मुलखात कुत्रा आणि जनावरं शतकानुशतकं शेजारी राहिली, मग ही भांडणं त्या लोकांनी कशी मिटवली असतील? थोडं वाचलं, थोडं विचारलं, त्यातलं हे काही.

सगळ्यात जुना पुरावा शेजारच्या सौदी अरबस्तानात आहे. शुवेमिस आणि जुब्बा इथल्या खडकांवर शिकारी आणि त्यांचे कुत्रे कोरलेले आहेत. त्यांवरचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. चित्रं आठ हजार वर्षांपूर्वीची असावीत असा अंदाज आहे. त्यातल्या काही कुत्र्यांच्या गळ्यापासून माणसाच्या कमरेपर्यंत रेघ काढली आहे. ही दोरीच, असं अभ्यासकांचं मत. म्हणजे पट्टा ही काही सोसायटीच्या सेक्रेटरीने काढलेली टूम नव्हे! आपल्या अमिरातीतही शारजाच्या जबल बुहैसला सुमारे सात हजार वर्षांपूर्वी शेळ्या, मेंढ्या आणि गुरं पाळणारे लोक राहत होते.

पुढे इस्लामी धर्मशास्त्राने या गोष्टीचा फार बारकाईने विचार केला. कुत्रा बाळगायला हदीसमध्ये सवलत आहे ती शिकारीसाठी, शेतीसाठी आणि गुराढोरांसाठी. कुराणात शिकवलेल्या जनावराने धरलेली शिकार खायला परवानगी आहे. मग शास्त्र्यांपुढे प्रश्न आला की 'शिकवलेला' म्हणायचं कुणाला? त्यांनी ठरवलेल्या कसोट्या मला भारी आवडतात. सोडला की गेला पाहिजे, थांबवला की थांबला पाहिजे, आणि धरलेली शिकार स्वतः खाता कामा नये. अशा कुत्र्याला 'मुअल्लम' म्हणतात. आपला 'तालीम' हा शब्द त्याच धातूतून आलेला. यातली दुसरी कसोटी सर्वांत अवघड. धावणं सलुकीच्या रक्तातच असतं, ते शिकवावं लागत नाही. शिकवावं लागतं ते थांबणं.

बदू लोक सलुकीला इतर कुत्र्यांत मोजतच नसत. इतरांना तंबूबाहेर ठेवायचे, सलुकीला आत जागा. तापलेल्या वाळूने पाय भाजू नयेत म्हणून शिकारीच्या जागेपर्यंत तिला उंटावर बसवून नेत. 1940 च्या दशकाच्या अखेरीस इंग्रज प्रवासी विल्फ्रेड थेसिजर इथे अल ऐनला शेख झायेद यांच्याकडे उतरला होता. ससाणे आणि सलुकी घेऊन निघणाऱ्या शिकारीच्या गोष्टी त्याने लिहून ठेवल्या आहेत. आता विचार करा, जी कुत्री उंटाच्या पाठीवर बसून जाते, शेळ्यांच्या शेजारी झोपते, तिला शेळी ही शिकार वाटेलच कशी? पिल्लू असल्यापासून तो वास घरचाच. हरीण तेवढं बाहेरचं.

आपल्याकडे धनगरांचं शिक्षण वेगळं दिसत नाही. दिवाळीनंतर माणदेश-फलटणकडचे मेंढके कोकणाकडे उतरतात, तेव्हा कळपाबरोबर कुत्री असतातच. ती इंग्रजी सिनेमातल्यासारखी मेंढ्या वळवत नाहीत, ती राखण करतात. रात्री वाघर लावून मेंढ्या आत घेतल्या की लांडग्याची चाहूल कुत्र्याने घ्यायची. पिल्लू कोकरांतच वाढलेलं असतं. आमच्या खंडोबाजवळ कुत्रा आणि धनगराची बाणाई, दोघांनाही जागा आहे, ती काय उगीच!

आणि आपला कारवान? सातारा, सांगली, सोलापूर भागातला हा शिकारी कुत्रा सलुकीचा भाऊ शोभावा असा. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर पश्चिमेकडून आला म्हणून कारवान, असं सांगतात. मुधोळच्या घोरपडे राजांनी ही जात जोपासली, म्हणून मुधोळ हाउंड. 2005 साली टपाल खात्याने त्याचं तिकीटही काढलं. आमच्या सलुकीला पाहून मिरजेचे एक काका म्हणाले, "अहो, हा तर आमच्या शेतावरचा!"

अमिरातीत 1983 च्या कायद्याने शिकारीवर बंधनं आली. आता सलुकी शर्यतीत धावतात, अल धफ्रा महोत्सवात तर गाडीमागे ओढलेल्या नकली हरणाच्या मागे. म्हणजे धावण्याचं शिक्षण टिकलं, पण शेळ्यांत वाढण्याचं गेलं. फ्लॅटमध्ये वाढलेल्या आमच्या बाईसाहेबांना शेळी आणि हरीण यांतला फरक कोण सांगणार? म्हणून दोरी. 2016 च्या संघीय कायद्याने कुत्र्याला परवाना, लसीकरण आणि बाहेर पट्टा बंधनकारक आहेच.

आम्ही फिरतो हिवाळ्यात. नेमका तोच उंटांच्या माजाचा आणि विण्याचा काळ. तोंडातून फुगा काढून गुरगुरणारा नर दिसला की लांबूनच वळायचं. उंटाची लाथ नुसती मागेच बसते असं नाही, बाजूलाही बसते. कळपाच्या मधून जायचं नाही, पिल्लू आणि आई यांच्यामध्ये तर नाहीच. कुत्र्याला हाक मारून आपल्याकडे बघायला लावायचं, बघितलं की खाऊ द्यायचा, हे घरी शंभरदा करावं तेव्हा वाळूत एकदा उपयोगी पडतं. सुट्टीत गावी वासरामागची गाय अंगावर आली तर मात्र दोरी सोडून द्यावी. तिचा राग कुत्र्यावर असतो, आणि तो आपल्यापेक्षा जोरात पळतो.

आणखी एक. कापलेल्या जनावराचं कच्चं काळीज किंवा फुप्फुस कुत्र्याला कधीही घालू नये. त्यातून कुत्र्याच्या पोटात पट्टकृमी होतात, त्यांची अंडी विष्ठेतून चाऱ्यावर जातात, आणि शेळी, उंट किंवा माणसाच्या यकृतात पाण्याच्या गाठी वाढतात. आम्ही जंताचं औषध वेळेवर देतो, विष्ठा पिशवीत भरून परत आणतो, आणि ईदच्या दिवसांत फिरणं वस्तीतल्या रस्त्यापुरतंच ठेवतो.