विमानवीर आप्तांचा शोध

भाई विठ्ठल कोतवाल व हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झाले, हे कशेळे पंचक्रोशीत पोरासोरांसही ठाऊक आहे. त्याच महायुद्धात १९४३-४४ साली हिंदी हवाई दलाची ७ व ८ क्रमांकांची पथके ‘व्हेंजन्स’ या दोन आसनी बाँबफेकी विमानांतून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर झुंजत होती. त्या आघाडीवर ज्या वैमानिकांचे कलेवरही हाती आले नाही, त्यांची नावे सिंगापूरच्या क्रांजी येथील स्मारकावर कोरलेली आहेत. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत नाव, हुद्दा व मृत्युदिन मिळतो. मात्र इंग्रजी लिपीत आडनावाची अनेक रूपे होतात, म्हणून घरच्या पेटीतील जुने पत्र वा सेवाक्रमांक हाच खरा आधार होय. ज्ञातिबंधुभगिनींनो, परक्या झेंड्याखाली उडाला एवढ्याच कारणाने आपला आप्त वंशावळीतून गळू नये, अशी आमची विनंती आहे.