मारून मुटकून वैद्यबोवा

‘मारून मुटकून वैद्यबोवा’ हा वाक्प्रचार आपल्याकडे सर्वश्रुत आहे. हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांनी याच नावाने जे प्रहसन मराठीत आणले, त्याचे मूळ मात्र फ्रेंच नाटककार मोलिएर याच्या १६६६ सालच्या नाटकात आहे. हा वैद्य हसवतो कोणावर, हे पाहण्यासाठी आम्ही वाचकांना त्या काळच्या पॅरिस नगरीत नेऊ इच्छितो.

स्गानारेल हा मद्यपी लाकूडतोड्या. त्याच्या हातचा मार खाल्लेली बायको सूड घेण्यासाठी वैद्याच्या शोधात निघालेल्या नोकरांना सांगते, की हा मोठा धन्वंतरी आहे, पण चोप मिळाल्यावाचून ते कबूल करीत नाही! सोटे बसताच स्वारी वैद्य होते. अंगात झगा, मुखी मोडकेतोडके लॅटिन. काळीज उजवीकडे असल्याचे तो बेधडक सांगतो, तरी यजमान माना डोलावतात. रोगी कन्याही खरी मुकी नाही. नको असलेला विवाह टाळण्यासाठी तिने मौन धरलेले असते.

हे केवळ थट्टेचे चऱ्हाट नव्हते. हार्वे याने १६२८ साली रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडला, तरी पॅरिसच्या वैद्यकपीठातील अनेक पंडित पुढे कित्येक वर्षे तो नाकारीत राहिले. रक्त काढणे, रेच आणि बस्ती हेच त्यांचे नित्याचे उपचार. १६७३ सालच्या ‘काल्पनिक रोगी’ या अर्थाच्या नाटकात मोलिएरने त्यांवरच बोट ठेवले. तेथे आर्गां हा रोगभ्रमाने पछाडलेला गृहस्थ अखेर स्वतःच वैद्य होतो. झगा आणि टोपी चढविली की विद्या आपोआप येते, अशी त्याची समजूत घातली जाते. परीक्षेत प्रत्येक रोगावर तेच तीन उपचार सांगितले, की पदवी पदरात!

आर्गांची भूमिका स्वतः मोलिएर करीत असे, आणि तो खरोखरच आजारी होता. १७ फेब्रुवारी १६७३ रोजी, चौथ्या प्रयोगात, पदवीदानाच्या प्रवेशातच त्याला झटका आला. तो त्याने हसण्यात लपविला, प्रयोग पुरा केला आणि त्याच रात्री देह ठेवला. नटाला धर्मविधीने दफन नाकारले जाई. राजाने मध्यस्थी केल्यावर रात्रीच्या वेळी त्याचा अंत्यविधी उरकण्यात आला.

वैद्याची आत्यंतिक गरज असलेल्या माणसाने हे हास्य निर्माण केले, ही गोष्ट आम्हांस विसरता येत नाही. लाकूडतोड्याच्या अज्ञानाला तो सहज क्षमा करतो; रोग्याकडे न पाहता पोथीकडे पाहणाऱ्या विद्वानाला मात्र करीत नाही.