दुखरा वण आणि त्याचा पुरावा : अमेरिकेतील माजी सैनिकांच्या अपंगत्व-तपासणीचा इतिहास

युद्धात जखमी झालेल्या सैनिकाच्या निर्वाहाची काही तरतूद राज्याने करावी, हे तत्त्व बहुतेक संघटित राज्यांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपात मान्य केलेले आहे. तत्त्व मान्य झाले की मोजमापाचा प्रश्न उभा राहतो. हात तुटला अथवा डोळा गेला, तर झालेली हानी कोणासही दिसते व तिचे मूल्य ठरविणे त्या मानाने सोपे जाते. परंतु जखम भरून आली, अवयव शाबूत राहिला, त्वचेवर केवळ एक वण उरला, आणि तो वण दुखतो असे सैनिक सांगू लागला, तर तपासनीस वैद्याने काय नोंदवावे? वण त्याला मोजता येतो. वेदना मोजता येत नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील माजी सैनिकांविषयीच्या कायद्यात या लहानशा प्रश्नाला निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे मिळालेली आहेत. वेदनेच्या बाबतीत साक्षीदार कोण, तपासणारा वैद्य की सोसणारा सैनिक, याविषयीची त्या राज्ययंत्रणेची भूमिका कशी बदलत गेली हे या उत्तरांच्या शब्दरचनेवरून स्पष्ट होते. त्या बदलाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

१. तपासनीस शल्यवैद्याचा उदय

अपंग सैनिकांना वेतन देण्याचा पहिला राष्ट्रीय ठराव काँटिनेंटल काँग्रेसने २६ ऑगस्ट १७७६ रोजी संमत केला. अवयव गमावलेल्या किंवा उपजीविका करण्यास असमर्थ झालेल्या सैनिकास अर्धे वेतन द्यावे, असे त्यात ठरले होते. दाव्यांची छाननी कोणी करावयाची हा प्रश्न मात्र लवकरच वादग्रस्त झाला. १७९२ च्या कायद्याने हे काम संघराज्याच्या फिरत्या न्यायालयांकडे सोपविले व त्यांच्या अभिप्रायावर युद्धमंत्र्यास फेरविचाराचा अधिकार दिला. हे काम न्यायिक स्वरूपाचे नाही, असा आक्षेप न्यायाधीशांनी घेतला. हेबर्न खटला या नावाने हा वाद घटनात्मक इतिहासात प्रसिद्ध आहे. पुढच्याच वर्षी कार्यपद्धती बदलण्यात आली.

यादवी युद्धाने या व्यवस्थेचे स्वरूप पालटले. १४ जुलै १८६२ च्या कायद्याने पूर्ण अपंगत्वाबद्दल साध्या शिपायास दरमहा ८ डॉलर देण्याचे ठरले, आणि दावेदारांच्या तपासणीसाठी शल्यवैद्य नेमण्याचा अधिकार पेन्शन आयुक्तास मिळाला. काही विशिष्ट हानींचे दर यानंतर कायद्यानेच ठरत गेले. १८६४ मध्ये दोन्ही हात अथवा दोन्ही डोळे गमावल्यास २५ डॉलर व दोन्ही पाय गमावल्यास २० डॉलर, तर १८६६ मध्ये एक हात किंवा एक पाय गमावल्यास १५ डॉलर अशी तरतूद झाली. ज्या हानीला असा ठरीव दर नव्हता, तिचे प्रमाण शल्यवैद्याने अपूर्णांकात लिहावयाचे असे. पुढे १८ डॉलरची श्रेणी आधारभूत धरली गेली आणि अपंगत्व अठराव्या हिश्श्यांत सांगण्याची रीत पडली. १८८२ मध्ये तीन-तीन शल्यवैद्यांची मंडळे नेमण्याची व्यवस्था झाली. त्यांच्या प्रमाणपत्रावर मानवी देहाच्या छापील आकृती असत व जखमांच्या जागा त्यांवर दाखविल्या जात.

या प्रमाणपत्रांत वणाला मोठे महत्त्व होते. परंतु ते पुराव्याचे महत्त्व होते. गोळी कोठून शिरली, कोठून बाहेर पडली आणि दाव्यातील हकीकत शरीरावरील खुणांशी जुळते की नाही, एवढे वणावरून पाहिले जाई. वण हा भूतकाळातील जखमेचा दाखला होता. तो स्वतःच आजची व्याधी असू शकतो, या विचाराला त्या दरपत्रकात स्वतंत्र जागा नव्हती.

२. वेदना आणि बतावणी

वैद्यकशास्त्राला मात्र ही गोष्ट त्याच युद्धात उमगली होती. फिलाडेल्फिया येथील टर्नर्स लेन रुग्णालयात मज्जातंतूंना इजा झालेल्या सैनिकांवर सायलस वेअर मिचेल, जॉर्ज मोरहाउस व विल्यम कीन हे तिघे वैद्य उपचार करीत होते. १८६४ साली त्यांनी बंदुकीच्या गोळीने होणाऱ्या मज्जातंतूंच्या इजांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. जखम बरी झाल्यावरही अवयवात आग पडल्यासारखी वेदना राहते, साध्या स्पर्शाने ती असह्य होते, असे त्यांनी बारकाईने नोंदविले. या विकाराला मिचेलने पुढे ‘कॉझॅल्जिया’ हे नाव दिले.

याच तिघा वैद्यांनी त्याच वर्षी आजाराची बतावणी कशी ओळखावी यावरही निबंध प्रसिद्ध केला. ईथरची गुंगी देऊन सैनिकाचे सोंग उघडे पाडण्याचे उपाय त्यात सांगितले आहेत. ही विसंगती नव्हे. ज्या वेदनेचा बाहेरून काहीच पुरावा दिसत नाही, ती खरी मानावयाची झाल्यास खोटी वेदना ओळखण्याचे साधनही हाती असले पाहिजे, ही त्या काळच्या लष्करी वैद्यकाची निकड होती. सहानुभूती व संशय या दोन्ही वृत्ती एकाच रुग्णशय्येपाशी वाढल्या, आणि अपंगत्व-तपासणीच्या पुढील सर्व इतिहासात त्या एकमेकींस सोडून गेल्या नाहीत. संशयाला आर्थिक कारणही होते. १८९० च्या कायद्याने अपंगत्व युद्धसेवेमुळेच आले असले पाहिजे ही अट शिथिल केली, आणि १८९३ च्या सुमारास संघराज्याच्या उत्पन्नापैकी सुमारे ४० टक्के रक्कम पेन्शनवर खर्च होऊ लागली.

३. कमाईचे माप

पहिल्या महायुद्धात जुनी पेन्शनपद्धती मागे पडली. ६ ऑक्टोबर १९१७ च्या कायद्याने अपंगत्वाच्या मूल्यांकनाची सारणी तयार करण्याचे ठरविले व तिचे तत्त्वही घालून दिले. ते असे की, नागरी व्यवसायांत अशा इजेमुळे कमाईची शक्ती सरासरीने किती घटते यावर मूल्यांकन आधारावे. १९२४ च्या कायद्याने दावेदाराचा मूळ व्यवसाय लक्षात घेण्याचा प्रयोग केला. १९३३ मध्ये तो सोडून सरासरीचे तत्त्व पुन्हा स्वीकारण्यात आले. १९४५ ची सारणी १ एप्रिल १९४६ पासून अमलात आली. पुढील सर्व दुरुस्त्या तिच्याच चौकटीत झालेल्या आहेत.

कमाईचे माप एकदा स्वीकारले की वेदना अडचणीची ठरते. गुडघा वाकत नसेल तर किती अंश वाकत नाही हे मोजता येते व त्याचा कामावरील परिणाम अनुमानता येतो. दुखणाऱ्या वणाचा माणूस चालतो, उचलतो, लिहितो. केवळ दुखते म्हणून त्याची कमाई किती घटली, याला सरासरी कोठून आणावयाची? १९४५ च्या सारणीने या प्रश्नाला व्यावहारिक उत्तर दिले. भाजल्याचे वण त्यांच्या क्षेत्रफळावरून आणि चेहऱ्याचे वण विद्रूपतेवरून जोखावयाचे होते. हालचालीस अडथळा करणारे वण त्या त्या अवयवाच्या कार्यहानीवरून जोखावयाचे होते. त्यांच्या जोडीला ७८०४ या क्रमांकाखाली वरवरच्या, हुळहुळ्या व दुखऱ्या वणाला सरसकट १० टक्के अपंगत्व देण्यात आले. अट एकच होती : तो हुळहुळेपणा व ती वेदना वस्तुनिष्ठ रीतीने दाखवून देता आली पाहिजे.

या कलमाखालील टीप विशेष बोलकी आहे. वण बोटाच्या टोकावर असला तरीही १० टक्के द्यावेत, मग तेवढा भाग कापून टाकल्याबद्दल मिळणाऱ्या मूल्यापेक्षा ते अधिक झाले तरी हरकत नाही, असे तीत म्हटले होते. सारणीचा सर्वसाधारण नियम याच्या उलट होता. एखाद्या अवयवाच्या सर्व व्याधींचे एकत्रित मूल्य त्या ठिकाणी अवयव तोडल्याच्या मूल्याहून अधिक होता कामा नये, असा तो नियम होय. म्हणजे अवयव नसण्यापेक्षा तो दुखरा असणे अधिक त्रासाचे असू शकते, हे या एका ठिकाणी राज्याने मान्य केले होते. केवळ कमाईच्या हिशेबातून अशी टीप निघणे कठीण आहे.

४. ‘वस्तुनिष्ठ’ या शब्दाचे भवितव्य

वेदना वस्तुनिष्ठ रीतीने दाखविणे म्हणजे प्रत्यक्षात काय, हे पाहणे उद्बोधक आहे. वैद्य वण दाबतो. दावेदार कळवळतो, चेहरा वाकडा करतो किंवा हात मागे घेतो. वैद्य ते लिहून घेतो. सांध्यांच्या वेदनेविषयीच्या नियमातही दाबताना दिसणाऱ्या मुद्रेची नोंद काळजीपूर्वक घ्यावी असे सांगितले आहे. म्हणजे ज्याला वस्तुनिष्ठ म्हटले जाई ते बव्हंशी दावेदाराचेच निवेदन होते; फरक इतकाच की, ते शब्दांऐवजी शरीराच्या भाषेत केलेले असे व वैद्याच्या हस्ताक्षराने प्रमाणित होई. यात धीराच्या माणसाचे नुकसान होते. जो निमूटपणे सोसतो त्याची वेदना दिसत नाही. तसेच वणाखालील मज्जातंतूच्या टोकाशी गाठ झालेली असल्यास कपड्याच्या घर्षणाने कळ येते आणि तपासणीच्या वेळी नेमकी येत नाही, असेही होऊ शकते.

१९८८ च्या कायद्याने माजी सैनिकांच्या दाव्यांसाठी स्वतंत्र अपील-न्यायालय स्थापन झाले व या प्रश्नांना न्यायालयीन वळण लागले. १९९४ च्या एका निर्णयात चेहऱ्यावरील एकाच इजेमुळे आलेली विद्रूपता, वणाची वेदना आणि चावण्यास होणारा अडथळा या तीन वेगळ्या हानी असून त्यांचे मूल्यांकनही वेगवेगळे झाले पाहिजे, असे न्यायालयाने ठरविले. स्वतःच्या इंद्रियांना जाणवणाऱ्या लक्षणांविषयी साक्ष देण्यास वैद्यकाचे ज्ञान नसलेला माणूसही समर्थ आहे, हे त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका निर्णयात सांगितले गेले. २००६ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने आणखी पुढे जाऊन, समकालीन वैद्यकीय नोंद नाही एवढ्याच कारणाने अशी साक्ष अविश्वसनीय ठरविता येणार नाही, असा निर्वाळा दिला.

सारणीची भाषाही बदलत गेली. ३० ऑगस्ट २००२ पासून ‘वस्तुनिष्ठ’ हा शब्द जाऊन ‘तपासणीत दुखणारा’ वण अशी रचना आली. बोटाच्या टोकाविषयीची सवलत कायम राहिली. त्याच वेळी चेहऱ्याच्या विद्रूपतेसाठी आठ लक्षणे ठरविण्यात आली. ५ इंच वा अधिक लांबी, पाव इंच वा अधिक रुंदी, स्पर्शास जाणवणारा उंचवटा अथवा खोलगटपणा, अशी ती आहेत. ज्याला माप लागू पडते तेथे माप अधिक काटेकोर झाले. २३ ऑक्टोबर २००८ पासून ७८०४ या कलमातून तपासणीचाही उल्लेख गेला. एक किंवा दोन वण अस्थिर अथवा दुखरे असल्यास १० टक्के, तीन किंवा चार असल्यास २० टक्के, पाच किंवा अधिक असल्यास ३० टक्के, आणि एखादा वण अस्थिरही असेल व दुखराही असेल तर आणखी १० टक्के, असे नवे प्रमाण आले. ज्यावरील त्वचेचे आवरण वारंवार निघून जाते तो वण अस्थिर समजावयाचा.

५. मूल्यमापन

साठहून अधिक वर्षांच्या अवधीत झालेला हा बदल वैद्यकातील विचाराशी सुसंगत आहे. वेदनेच्या अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ च्या आपल्या व्याख्येत वेदना हा अनुभव मानला, आणि २०२० च्या सुधारित व्याख्येला जोडलेल्या टिपांत वेदनेविषयी माणसाच्या सांगण्याचा आदर करावा असे नमूद केले. निदान झालेला मूळ आजार नसला तरीही कार्यहानी करणारी वेदना ही स्वतःच अपंगत्व ठरू शकते, असे अमेरिकेच्या वरिष्ठ न्यायालयानेही २०१८ मध्ये ठरविले.

तथापि, यावरून संशयाचा प्रश्न सुटला असे मानणे चुकीचे ठरेल. तो तपासणीच्या खोलीतून निर्णायक अधिकाऱ्याच्या मेजावर गेला, इतकेच म्हणता येईल. आजच्या छापील प्रश्नपत्रिकेत वण दुखतो काय, किती वण दुखतात व वेदना कशी आहे, हे तपासनीस लिहून घेतो. सांगितलेले विश्वासार्ह आहे की नाही, हे सर्व पुरावा पाहून अधिकारी ठरवितो. दोन्ही बाजूंचा पुरावा समतोल असेल तर संशयाचा फायदा दावेदारास द्यावयाचा, असा कायदा आहे. यामुळे तपासनीसाची नोंद जितकी त्रोटक, तितका हा तोल ढळण्याचा धोका अधिक. दावेदाराने वेदना सांगितली व तपासनीसाने तिच्याविषयी काहीच लिहिले नाही, तर त्या मौनाचा अर्थ वेदना नाही असा लावला जाण्याचा संभव राहतो.

दुसरी मर्यादा मापाचीच आहे. २००८ च्या नियमाने वेदनेच्या साक्षीविषयीची अट सैल केली, पण वेदनेची तीव्रता मोजण्याचा प्रयत्न केला नाही. त्याने वणांची संख्या मोजली. रात्रीची झोप घालविणारा एक वण आणि क्वचित हुळहुळणारा एक वण या नियमापुढे समान आहेत. तीव्रतेला माप नाही हे ओळखून घेतलेली ही पळवाट आहे असे कोणी म्हणेल. परंतु खोटे माप लावण्यापेक्षा ती प्रामाणिक आहे, असेही म्हणता येईल. अठराव्या हिश्श्यांत अपंगत्व लिहिणाऱ्या मंडळांच्या काळी वण हा केवळ जखमेचा दाखला होता. त्याच वणाचे दुखणे आज स्वतंत्र हानी म्हणून मान्य झाले आहे, आणि तिचा मुख्य पुरावा म्हणून सैनिकाचा शब्द ग्राह्य धरला जात आहे. या शब्दाला कागदावर किती जागा मिळते, यावर त्या मान्यतेचे खरे मोल अवलंबून राहील.