ग्वेनलियन आणि तिच्या मागून आलेल्या लेकी

आपल्याकडे बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आई पाळण्याच्या दोरीशी बसलेली, कुर्रर्र करणार आत्या, आणि तिच्या पाठीत गुद्दे घालायला बाकीच्या बायका मागे तयार. वेल्सच्या जुन्या कथांत हा मान आईचा. वेल्स म्हणजे इंग्लंडच्या पश्चिमेला चिकटलेला डोंगराळ, छोटा देश. भाषा इंग्रजीहून पार निराळी. त्या भाषेतल्या 'मॅबिनोगी' या मध्ययुगीन कथांत नावावरून केवढे रुसवेफुगवे आहेत बघा! आरियनरॉड नावाची एक मानी बाई आपल्या मुलावर रागावते आणि बजावते, मी ठेवीन तेव्हाच याला नाव मिळेल. पोराचा मामा चांभाराचं सोंग घेऊन त्याला तिच्यासमोर नेतो. पोरगा एका चिमुकल्या पाखरावर अचूक नेम धरतो आणि तिच्या तोंडून त्याच्या हाताचं कौतुक निसटतं. झालं, मामा म्हणतो, हेच नाव.

दुसरी कथा रिआननची. तिचं तान्हं बाळ रात्रीत नाहीसं झालं. राखणीच्या बायकांनी आपली कातडी वाचवायला झोपलेल्या बाळंतिणीच्या तोंडाला कुत्र्याच्या पिल्लांचं रक्त फासलं. पोटचं पोर मारल्याचा आळ आला. शिक्षा काय, तर वाड्याच्या दाराशी बसायचं, येणाऱ्याला आपली कहाणी सांगायची आणि त्याला पाठीवरून आत न्यायची तयारी दाखवायची. मुलगा परत मिळाला तेव्हा 'आता माझी काळजी मिटली' अशा अर्थाचं ती बोलली, आणि तिच्या बोलण्यातला काळजी हाच शब्द पोराचं नाव झाला: प्रदेरी. आज तिकडे मुलीला रिआनन हे नाव हौसेनं ठेवतात. आळ घेणाऱ्या त्या बायकांची नावं मात्र कथेनंही ठेवलेली नाहीत.

आता कथा सोडून व्यवहाराकडे येऊ. वेल्समध्ये पूर्वी आडनाव नव्हतं. मुलगा असेल तर नावापुढे 'आप' आणि बापाचं नाव, मुलगी असेल तर 'वेर्ख' आणि बापाचं नाव. वेर्ख म्हणजे लेक. गंमत अशी की लग्न झालं तरी बाई वेर्खच राहायची, आपल्या बापाची लेक. आपल्यासारखं हळदीचे हात वाळायच्या आत मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलायचा प्रकार नव्हता.

या वेर्खांमध्ये एक नाव फिरून फिरून येतं: ग्वेनलियन. 'ग्वेन' म्हणजे शुभ्र, पवित्र. त्यातल्या 'ल'चा उच्चार मोठा अवघड. जीभ ल म्हणायला टेकवतो तशी टेकवायची आणि आवाज न करता दोन्ही बाजूंनी नुसती हवा सोडायची. परक्याला ते जमत नाही. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या ज्या बायकांनी आपल्या काळे आडनावाचं 'काले' झालेलं ऐकलंय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पहिली ग्वेनलियन राजा ग्रिफिथची लेक. 1136 साली नवरा उत्तरेला तिच्या माहेरी मदत मागायला गेला असताना नॉर्मन सैन्य चालून आलं. किडवेलीच्या किल्ल्याजवळ हीच फौज घेऊन उभी राहिली. हरली, मारली गेली. एक मुलगा तिथेच पडला, दुसरा कैद झाला. ते रान आजही 'ग्वेनलियनचं शेत' म्हणून ओळखतात. पण माझं मन अडकतं ते दुसऱ्या ग्वेनलियनपाशी.

ही 1282 च्या जूनमध्ये जन्मली. बाप लेवेलिन, वेल्सचा राजपुत्र. आई एलेनॉर बाळंतपणातच गेली. डिसेंबरच्या 11 तारखेला बाप लढाईत मारला गेला. पुढच्या वर्षी इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड यानं हे तान्हं पोर दूर लिंकनशायरमधल्या सेंप्रिंगहॅमच्या मठात पाठवून दिलं. हिचं लग्न होऊ नये, हिच्या पोटी वारस येऊ नये, एवढाच हिशेब. वैराग्य आपण मोठं मानतो, पण ते स्वतः घ्यायचं असतं. पाळण्यातल्या पोरीला लादलेलं वैराग्य म्हणजे कैदच की. 1301 मध्ये एडवर्डनं 'प्रिन्स ऑफ वेल्स' हा तिच्या बापाचा किताब आपल्या मुलाला दिला. ग्वेनलियन मठातच वाढली आणि 1337 साली तिथेच गेली, वयाच्या 54 व्या वर्षी. मायभाषा बोलायला तिच्याजवळ कोण होतं? मठाच्या कागदांत तिचं नाव 'वेंसिलियन' असं काहीतरी लिहिलेलं सापडतं. लिहिणाऱ्याला तो ल जमला नाही.

1536 आणि 1543 च्या कायद्यांनी वेल्स पुरतं इंग्लंडला जोडलं. कोर्टकचेरीची भाषा इंग्रजी झाली आणि हळूहळू इंग्रजी तऱ्हेची आडनावंही आली. आप रीसचं प्राइस झालं, आप हौएलचं पॉवेल, आप ह्यूचं प्यू. मुलाच्या 'आप'मधला प असा आडनावात अडकून राहिला. 'वेर्ख' मात्र आडनावांतून पुसला गेला. गावंच्या गावं जोन्स, डेव्हिस, विल्यम्स झाली आणि पोरी मेरी, मार्गारेट, अ‍ॅन. 1800 साली वेल्श बायबल विकत घ्यायला पंधरा वर्षांची एक गरीब मुलगी डोंगरांतून सव्वीसेक मैल बाला गावापर्यंत चालत गेली. आपल्या भाषेतलं पुस्तक हवं म्हणून एवढी पायपीट, आणि तिचं नाव काय? मेरी जोन्स. त्या नावाच्या किती जणी असतील, कोण मोजणार!

मग आलं 1847. सरकारनं वेल्समधल्या शाळांची पाहणी करायला तीन इंग्रज वकील पाठवले. वेल्श भाषा त्यांना येत नव्हती. अहवाल निळ्या कव्हरात छापला आणि त्यात शाळांबरोबर वेल्श बायकांच्या चारित्र्यावरही शिंतोडे उडवले. तिकडे त्याला 'निळ्या पुस्तकांचा दगा' म्हणतात. लोक पेटून उठले. 1850 मध्ये खास बायकांसाठी 'अ गम्राइस', म्हणजे 'वेल्श स्त्री', नावाचं मासिक निघालं. ते काढणारा पुरुष होता, हेही सांगायला हवं.

त्याच सुमारास एक इंग्रज बाई उलट्या दिशेनं निघाली होती. लेडी शार्लट गेस्ट. डाउलेसच्या लोखंडाच्या कारखानदाराशी लग्न होऊन वेल्समध्ये आली आणि तिथली भाषा शिकली. एकामागून एक दहा बाळंतपणं झाली आणि त्यांच्यामधूनच वेळ काढून 1838 पासून तिनं मॅबिनोगीच्या कथा इंग्रजीत आणल्या. नवरा गेल्यावर कारखानाही पाहिला. 1843 मध्ये झालेल्या मुलीच्या नावात तिनं आपल्याच पुस्तकातलं नाव घातलं: ईनिड. कथेतली ईनिड म्हणजे नवऱ्याच्या संशयापायी रानोमाळ हिंडवली गेलेली बायको. पुढे टेनिसननं या भाषांतरावरून 1859 मध्ये ईनिडवर काव्य लिहिलं आणि नाव इंग्लंडभर झालं. 1897 साली लंडनमध्ये जन्मलेल्या एका मुलीलाही तेच ठेवलं. तिची पुस्तकं आपल्या नातवंडांच्या दप्तरात असतात: ईनिड ब्लायटन.

2021 च्या जनगणनेत वेल्समधले 17.8 टक्के लोक वेल्श बोलणारे निघाले. नावं मात्र घरात वेल्श न बोलणारेही वेल्श ठेवतात. सेरेन म्हणजे चांदणी, आयरा म्हणजे बर्फ, कॅरिस प्रेमावरून, अँगहॅरड म्हणजे फार लाडकी. मेगन हे मार्गारेटचंच लाडकं रूप. 1929 मध्ये वेल्समधून पार्लमेंटात गेलेली पहिली बाई मेगन लॉइड जॉर्ज. नाव निवडताना सोपं आणि गोड बघायचं ही रीत सगळीकडे सारखीच. तरी ग्वेनलियन ठेवणारी घरं अजून आहेत. त्या पोरीला जन्मभर स्पेलिंग सांगावं लागणार, हे आईबापांना ठाऊक असतं. माझ्या भाचीची मुलगी व्हायची असती वेल्समध्ये, तर मी हेच नाव सुचवलं असतं. आत्याचा मान तिकडे नाहीच, मग मावशीआजीनं बोलायला काय हरकत?

महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात आधी आईचं नाव लिहायचं ठरलं आहे. वेल्समध्येही आता काही जणी आडनाव टाकून पुन्हा 'वेर्ख' लावतात. आणि स्नोडोनियाच्या डोंगरात, जिथे लेवेलिन आणि त्याचा भाऊ दाविद यांच्या नावांची शिखरं आधीपासून होती, तिथलं 926 मीटर उंचीचं एक शिखर 2009 साली ग्वेनलियनच्या नावाचं झालं. नकाशावर तिचं नाव वेल्श स्पेलिंगनं लिहिलं आहे, दोन्ही ल सकट.