कूटबद्ध ॲप-वाहतुकीची तपासणी

मोबाइलमधील ॲप आणि दूरच्या सर्व्हरमध्ये सांकेतिक स्वरूपात जी देवघेव चालते, ती त्या मोबाइलच्या मालकाच्या संमतीने उलगडून, कोणती माहिती कोणाकडे व कितपत सुरक्षितपणे जाते याची शहानिशा करण्याची संशोधनपद्धती. रत्नागिरीच्या आंबा बागायतदाराने हा विषय परका मानण्याचे कारण नाही; कारण राज्याच्या महसूल व कृषी खात्यांनी टाटा ट्रस्टच्या सहकार्याने १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’ ॲप राज्यभर सुरू केल्यावर, जी नोंद पूर्वी तलाठी आपल्या दप्तरात करीत असे, ती आता खातेदार स्वतः बागेत उभा राहून करतो, आणि गट नंबर, पीक, छायाचित्र व त्या जागेचे अक्षांश-रेखांश असा सगळा तपशील त्याच्या हातातून थेट सरकारदरबारी रवाना होतो. आपल्या हातून काय गेले आणि ते कोठे पोचले, हे जाणण्याचा खातेदाराचा हक्क या शास्त्राच्या मुळाशी आहे.

आजची बहुतेक ॲप-वाहतूक टीएलएस या संकेतपद्धतीने चालते, तिची १.३ ही आवृत्ती ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. जोडणी करताना सर्व्हर आपले प्रमाणपत्र सादर करतो, त्यावर मोबाइलला मान्य असलेल्या एखाद्या प्राधिकरणाची डिजिटल स्वाक्षरी आहे की नाही हे पाहिले जाते, आणि उभय पक्ष त्या भेटीपुरत्या ठरविलेल्या किल्ल्यांनी पुढचा मजकूर मोहोरबंद लखोट्यासारखा पाठवितात. संशोधक आपल्या संगणकावर एमआयटीएम-प्रॉक्सी किंवा बर्प सूट यांसारखा मध्यस्थ कार्यक्रम चालवितो, त्याचे मूळ प्रमाणपत्र आपल्याच मोबाइलमध्ये विश्वासार्ह म्हणून दाखल करतो, आणि मोबाइलची सारी वाहतूक त्या मध्यस्थामार्फत वळवितो. मध्यस्थ मोबाइलपुढे सर्व्हर म्हणून उभा राहतो आणि खऱ्या सर्व्हरशी दुसरी सुरक्षित जोडणी करतो. येथे संकेत फोडला जात नाही. मालकाने स्वतः दिलेल्या विश्वासावर ही तपासणी चालते, आणि म्हणूनच ती चोरून ऐकण्याहून सर्वस्वी भिन्न आहे.

अँड्रॉइडच्या २०१६ मधील सातव्या आवृत्तीपासून, मोबाइलधारकाने स्वतः घातलेली प्रमाणपत्रे ॲप आपोआप मान्य करीत नाहीत; ॲपच्या कर्त्याने तशी मुभा दिली असेल तरच करतात. काही ॲप याहून पुढे जाऊन ठराविक किल्लीखेरीज अन्य कोणतीच मानीत नाहीत; यास पिनिंग म्हणतात. या बंदोबस्ताची गरज आपल्याच देशातील एका प्रकरणाने स्पष्ट झाली. राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राच्या प्रमाणपत्र-यंत्रणेतून गूगलच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे २ जुलै २०१४ रोजी गूगलच्या निदर्शनास आले, दुसऱ्याच दिवशी भारताच्या प्रमाणन प्राधिकारी नियंत्रकांनी त्या केंद्राची मध्यवर्ती प्रमाणपत्रे रद्द केली. परंतु मायक्रोसॉफ्टच्या विश्वासयादीत भारतीय प्राधिकरण असल्यामुळे विंडोजवरील बहुतेक कार्यक्रमांनी ती अनधिकृत प्रमाणपत्रे दरम्यान खरी मानली असती, आणि विंडोजवरील क्रोमने मात्र गूगलच्या स्थळांसाठी पिनिंगमुळे ती नाकारली असती. तोच बंदोबस्त प्रामाणिक तपासनिसालाही अडवितो, तेव्हा फ्रिडा हे साधन वापरून चाचणीच्या मोबाइलवर, चालू ॲपमधील प्रमाणपत्र पडताळणारा भाग बदलावा लागतो. पिनिंग हवेच; पण ज्या ॲपमधून नागरिकाची माहिती सरकारी दप्तरात जाते, त्याच्या कर्त्यांनी संशोधकांसाठी चाचणीची आवृत्ती उपलब्ध करून देणे, हे प्रस्तुत लेखकाच्या मते कर्तव्यच मानले पाहिजे.

या पद्धतीची फलश्रुती किरकोळ नाही. हॅनोव्हर व मारबुर्ग येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१२ मध्ये १३,५०० विनामूल्य अँड्रॉइड ॲपची छाननी केली, तेव्हा १,०७४ ॲपमध्ये मध्यस्थ-हल्ल्यास वाव देऊ शकेल अशी संकेतरचना आढळली, आणि हाताने तपासलेल्या शंभरांपैकी ४१ ॲपवर असा हल्ला प्रत्यक्ष यशस्वी झाला. मार्च २०१८ मध्ये एका फ्रेंच संशोधकाने पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या ‘नमो’ ॲपची वाहतूक पाहून, वापरकर्त्यांची माहिती मुंबईत स्थापन झालेल्या क्लेव्हरटॅप या कंपनीच्या डोमेनकडे त्यांच्या संमतीविना जाते, असे जाहीर केले. ती केवळ वापराच्या विश्लेषणासाठी जाते, असा खुलासा भारतीय जनता पक्षातर्फे करण्यात आला. त्याच आठवड्यात काँग्रेसच्या ॲपविषयीही आक्षेप निघाले आणि ते ॲप मागे घेण्यात आले. वाहतूक उघडून पाहिल्याखेरीज या दोन्ही वादांत पुराव्यानिशी बोलणे कोणालाही शक्य झाले नसते.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ व ६६ अन्वये मालकाच्या परवानगीवाचून संगणकात अप्रामाणिकपणे प्रवेश करणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेस किंवा पाच लाख रुपयांपर्यंतच्या दंडास पात्र अपराध आहे. आपल्या मोबाइलमधून निघणारा मजकूर वाचणे वेगळे, आणि त्यात फेरफार करून दुसऱ्याच्या सर्व्हरची कसोटी पाहणे वेगळे. दुसऱ्या कामास त्या मालकाची लेखी मंजुरी हवी. आढळलेला दोष प्रथम कर्त्यास आणि कलम ७०ब खालील सर्ट-इन या राष्ट्रीय यंत्रणेस कळवावा, दुरुस्तीस अवधी द्यावा आणि इतरांची हाती आलेली माहिती नष्ट करावी, असा संशोधकांचा शिरस्ता आहे. ई-पीक पाहणीच्या बाबतीत आणखी एक मर्यादा पाळावी लागते. पिकाच्या नोंदीवर पीकविमा, कर्ज व नुकसानभरपाई अवलंबून असते, आणि निसर्ग (२०२०) व तौक्ते (२०२१) या वादळांत बागा गमावलेल्या कोकणातील बागायतदारांना तिचे मोल निराळे सांगावे लागत नाही. म्हणून चाचणीसाठी काल्पनिक पीक नोंदविणे वर्ज्य समजावे, आणि स्वतःच्या सातबाऱ्यावरील खऱ्या झाडांची खरी नोंद पाठविताना होणारी देवघेव तेवढी न्याहाळावी.