उमेदवारीचा खर्च कोणाचा?

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाच्या घरी सध्या एक प्रश्न हमखास विचारला जातो: इंटर्नशिप मिळाली का? पंधरा-वीस वर्षांपूर्वी याच घरात वेगळे प्रश्न असायचे. ॲग्रिगेट किती, एटीकेटी राहिली नाही ना, कॅम्पसला कोणत्या कंपन्या येणार. पदवी हातात पडण्याआधीच कामाचा अनुभव गाठीशी हवा, ही अपेक्षा कॉम्प्युटरच्या मुलांपर्यंत आली कशी, याचा माग काढत गेलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. शिकाऊ माणसाला शिकवायला पैसा आणि वेळ लागतो आणि तो कोणी खर्चायचा हे दर पिढीला नव्याने ठरत आलं आहे.

इंग्रजी अमदानीतल्या कचेऱ्यांत उमेदवार असत. मोडी वाचता येते, हिशेब येतो, अक्षर चांगलं आहे, असा तरुण मामलेदार कचेरीत येऊन बसे, कागदांच्या नकला करी, कारकुनांच्या हाताखाली कामाची रीत शिके. पगार मिळत नसे. एखादी जागा रिकामी होईल आणि आपल्याला चिकटवून घेतील, या आशेवर वर्ष-दोन वर्षं जात. तोवर त्याचं जेवणखाण कोणी तरी नातलग बघे. ज्याला तालुक्याच्या गावी राहायला घर नाही, त्याला उमेदवारी परवडतच नसे. कचेरीच्या नोकऱ्या ठरावीक घरांत फिरत राहिल्या, त्यामागे शिक्षणाची मक्तेदारी होती तशी ही बिनपगारी उमेदवारीही होती, असं मला वाटतं.

कारखान्याच्या उमेदवारीचा कायदा आपल्याकडे १८५० सालीच झाला. तो होता अनाथ आणि गरीब मुलांसाठी. त्यांना करारानं कारागिराच्या हाती सोपवावं आणि हुन्नर शिकवावा, असा त्याचा हेतू होता. चारच वर्षांनी, १८५४ मध्ये, पुण्यात सार्वजनिक बांधकाम खात्याचे कनिष्ठ अधिकारी घडवण्यासाठी एक शाळा निघाली. तीच पुढे पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज, म्हणजे आजचं सीओईपी, झाली. रस्ते, पूल, कालवे बांधायला सरकारला माणसं हवी होती, म्हणून त्यांना तयार करण्याचा खर्च सरकारनं उचलला. रेल्वेनंही तेच केलं. बिहारमधल्या जमालपूरच्या कारखान्यात १९२७ पासून निवडक मुलांना अप्रेंटिस म्हणून घेऊन यांत्रिक इंजिनिअर घडवले जाऊ लागले. इथे शिकणं आणि राबणं ही दोन वेगळी कामं नव्हती, आणि ज्याला माणूस हवा त्यानेच पैसे मोजायचे यात कोणाला वावगं वाटत नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर हे तत्त्व कायद्यात आलं. १९६१ चा अप्रेंटिस कायदा आधी आयटीआयच्या फिटर-टर्नरांसाठी होता. १९७३ च्या दुरुस्तीनं पदवीधर आणि डिप्लोमाधारक इंजिनिअरही त्यात आले. लेखी करार, नोंदणी, ठरलेली मुदत, आणि दरमहा विद्यावेतन. पदवीधरांच्या किमान विद्यावेतनाचा अर्धा वाटा सरकार उचलतं. चाकणच्या किंवा भोसरीच्या कारखान्यात वर्षभर अप्रेंटिस राहिलेल्या माणसाला या कायद्याची कलमं माहीत नसतील, पण महिन्याच्या महिन्याला खात्यात जमा झालेली रक्कम त्याला पक्की आठवत असते.

पदवी चालू असतानाच कामावर पाठवायची कल्पना मात्र अमेरिकेतून आली. सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर नावाच्या प्राध्यापकानं १९०६ मध्ये २७ मुलांवर हा प्रयोग सुरू केला. एक आठवडा वर्गात, पुढचा आठवडा कारखान्यात. कारखान्यात ही मुलं पगारी असत. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठानं १९५७ मध्ये स्थापनेपासूनच इंजिनिअरिंगच्या अभ्यासाची अशीच घडी बसवली: काही महिने वर्ग, काही महिने पगारी काम, पुन्हा काही महिने वर्ग. कॉम्प्युटरच्या मुलांना कामाचा अनुभव काय देतो, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात बोलकं उदाहरणही वॉटर्लूचंच आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो.

१९६५ साली तिथे आयबीएम ७०४० हे यंत्र होतं. मुलं फोर्ट्रानमध्ये प्रोग्रॅम लिहीत आणि कार्डांचा गठ्ठा यंत्राकडे देत. विद्यार्थ्यांचे प्रोग्रॅम छोटे, पण ते यंत्राच्या भाषेत आणणारा आयबीएमचा कंपायलर मोठ्या कामांसाठी बनवलेला. त्यामुळे प्रोग्रॅम चालायला लागणाऱ्या वेळेपेक्षा तो भाषांतरित व्हायलाच जास्त वेळ जाई. शिवाय चूक झाली की यंत्र जे सांगे, ते नवख्याला कळत नसे. त्या उन्हाळ्यात गणिताच्या तिसऱ्या वर्षाच्या चार विद्यार्थ्यांनी, प्राध्यापकांच्या देखरेखीखाली, विद्यार्थ्यांसाठीच एक नवा कंपायलर लिहिला. तो झटपट चाले आणि चूक कुठे झाली हे नीट सांगे. त्याचं नाव वॅटफोर. पुढे तो अनेक विद्यापीठांत पोचला आणि वॉटर्लूचं नाव कॉम्प्युटरच्या जगात झालं. या मुलांना बाहेरच्या कोणत्याही कंपनीत जावं लागलं नाही. खरी अडचण, ती रोज भोगणारे वापरणारे, आणि काम तपासणारा अनुभवी माणूस, या तिन्ही गोष्टी विद्यापीठाच्या आवारातच होत्या.

आपल्याकडे पिलानीच्या बिट्सनं १९७३ मध्ये प्रॅक्टिस स्कूल सुरू केलं. त्याची मूळ कल्पना अमेरिकेतल्या एमआयटीनं १९१६ मध्ये रासायनिक इंजिनिअरिंगसाठी काढलेल्या तशाच शाळेची. दुसऱ्या वर्षानंतरच्या सुटीत दोन महिने आणि शेवटच्या वर्षात साधारण साडेपाच महिने विद्यार्थी उद्योगात जातो. महत्त्वाचं हे की जागा संस्था मिळवते, संस्थेचे अध्यापक लक्ष ठेवतात आणि गुण संस्था देते. मुलाच्या मामाची ओळख आहे का, याच्यावर काही अडत नाही.

कॉम्प्युटर सायन्सला आपल्याकडे पदवी अभ्यासक्रमाचं रूप हळूहळू आलं. कानपूरच्या आयआयटीत १९६३ मध्ये आयबीएम १६२० आलं, मुंबईत टीआयएफआरमध्ये त्याआधीच, १९६० साली, देशी बनावटीचं टिफ्रॅक चालू झालं होतं. पण कॉम्प्युटरचं बी.टेक. कानपूरला सुरू व्हायला १९७८ उजाडलं. त्याच सुमारास आयबीएम देशातून बाहेर पडली, आणि यंत्रं चालवणाऱ्या माणसांची उणीव भासू लागली. प्रा. व्ही. राजारामन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं एमसीए सुचवलं ते यातूनच. त्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाचं शेवटचं सत्र उद्योगात प्रोजेक्ट करण्यासाठी राखलेलं असे. पुण्या-मुंबईत ज्यांनी एमसीए केलं, त्यांनी सहा महिने कुठल्या तरी कंपनीत काढले, आणि पुष्कळांना तिथेच नोकरी लागली. आता एमसीए दोन वर्षांचं झालं आहे.

बी.ई.च्या मुलांना मात्र ही गरज फार काळ भासली नाही, आणि त्याला सरळ कारण होतं. सॉफ्टवेअर सेवा देणाऱ्या मोठ्या कंपन्या शेकड्यांनी मुलं उचलत आणि स्वतः शिकवत. मेकॅनिकल, सिव्हिल, इन्स्ट्रुमेंटेशन, कोणतीही शाखा चाले. पुण्यात १९८१ साली जन्मलेल्या इन्फोसिसच्या म्हैसूरच्या केंद्रात, टीसीएसच्या तिरुवनंतपुरमच्या केंद्रात आपल्याकडची हजारो मुलं जाऊन राहिली. काही महिने नुसतं शिकायचं, परीक्षा द्यायच्या, आणि पहिल्या महिन्यापासून पगार घ्यायचा. एका पिढीची उमेदवारी अशी पगारी झाली, आणि कॉलेजांनाही त्यातून सूट मिळाली. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला एखाद्या कंपनीचं पत्र जोडलं की तो ‘स्पॉन्सर्ड’ होई, काळ्या पुठ्ठ्याचं ब्लॅक बुक बांधून होई, आणि ओरलला बाहेरचे परीक्षक दहा मिनिटांत पुढच्या ग्रुपकडे वळत.

ज्यांना कॅम्पसमध्ये जागा मिळाली नाही, त्यांचा रस्ता वेगळा होता. एनआयआयटी, ॲपटेकचे क्लास होते. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकचा सहा महिन्यांचा डॅक हा अभ्यासक्रम तर अनेक मराठी घरांत पदवीनंतरची पुढची पायरीच मानला गेला. शिक्षण चांगलं होतं, पण फी घरानं भरायची होती. उमेदवारीचा खर्च कुटुंबाकडे परत जायला सुरुवात झाली ती इथपासून.

नंतर वारं फिरलं. इंजिनिअरिंग कॉलेजं गावोगाव झाली, पदवीधर वाढले, आणि कंपन्यांना आधीच तयार असलेला मुलगा हवासा वाटू लागला. उत्पादनं बनवणाऱ्या कंपन्या उन्हाळी इंटर्न घेऊ लागल्या आणि त्यांच्यातूनच पीपीओ, म्हणजे पदवीआधीच नोकरीचा देकार, देऊ लागल्या. अमेरिकेत एम.एस.ला गेलेल्या मुलांनी तिथली रीत पाहिली होती: दोन वर्षांच्या मधल्या उन्हाळ्यातली इंटर्नशिप पुढची नोकरी ठरवते. तंत्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एआयसीटीईनं २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात पदवीपर्यंत ६०० ते ७०० तासांची इंटर्नशिप धरली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या कॉम्प्युटर अभ्यासक्रमात तिसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात इंटर्नशिपला स्वतंत्र गुण आले.

नियम झाला, पण जागा कोण देणार हे ठरलं नाही, आणि घोळ नेमका इथे आहे. डॉक्टर व्हायचं तर एमबीबीएसनंतरची वर्षभराची इंटर्नशिप चुकत नाही, पण रुग्णालय ठरलेलं असतं. सीए होणाऱ्याला आर्टिकलशिप करावी लागते, पण तिची नोंदणी होते आणि किमान विद्यावेतन सीएंच्या संस्थेनं ठरवून दिलेलं असतं. बी.एड.च्या विद्यार्थ्याला पाठ घ्यावे लागतात, पण शाळा कॉलेज शोधतं. कॉम्प्युटरच्या मुलाला मात्र सांगितलं जातं, तुझी तू बघ. शहरातली, ओळखी असलेली मुलं खऱ्या कंपन्यांत पोचतात. बाकीची मुलं दोन-चार हजार रुपये भरून ऑनलाइन ‘इंटर्नशिप’ विकत घेतात: आधीच बनवलेले व्हिडिओ, सगळ्यांना एकच प्रोजेक्ट, आणि शेवटी क्यूआर कोड असलेलं सर्टिफिकेट. कॉलेज ते घेतं, कारण त्यालाही फाइल पूर्ण करायची असते. कचेरीतल्या उमेदवाराला निदान पदरचे पैसे भरावे लागत नव्हते.

केंद्र सरकारची २०२४ ची पंतप्रधान इंटर्नशिप योजना किंवा त्याच वर्षीची आपल्या राज्याची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना या खिंडीत उपयोगी पडत नाहीत. दोन्हींत विद्यावेतन आहे ही चांगली गोष्ट, पण त्या शिक्षण संपलेल्यांसाठी आहेत.

मग पदवीआधी इंटर्नशिप हवी का? माझं उत्तर होय असं आहे, आणि त्याचं कारण नोकरीपेक्षा शिक्षणात आहे. कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये मुलगा कोऱ्या पानावर चाळीस-पन्नास ओळींचा प्रोग्रॅम लिहितो, तो एकदा चालला की जर्नलवर सही होते आणि तो प्रोग्रॅम कोणी पुन्हा उघडत नाही. कंपनीत पहिल्या दिवशी त्याच्यासमोर दुसऱ्यांनी दहा वर्षांत लिहिलेला लाखो ओळींचा कोड येतो. तो आपल्या लॅपटॉपवर चालवायलाच दोन दिवस जातात. मग त्याला एक साधं तिकीट मिळतं: तारखेचा रकाना रिकामा ठेवला तर पान बंद पडतं, ते दुरुस्त कर. बदल तीन ओळींचा असतो, पण त्या तीन ओळी कुठे घालायच्या हे शोधायला आठवडा लागतो. मग सीनिअर रिव्ह्यू करते. या नावावरून काय कळतं? टेस्ट कुठे आहे? हेच फंक्शन आणखी कोण वापरतं, पाहिलंस का? तिसऱ्या फेरीत बदल मंजूर होतो. दुसऱ्याचा कोड वाचणं आणि आपला कोड दुसऱ्याला वाचता येईल असा लिहिणं, हे धंद्याचं अर्धं शिक्षण आहे, आणि ते परीक्षेच्या पेपरात बसत नाही. छोटे सुटे प्रोग्रॅम आता एआयची साधनं क्षणात लिहून देतात, त्यामुळे या अर्ध्याचं मोल वाढलंच आहे.

पण हे शिकायला हिंजवडीच गाठायला हवी असं नाही. गूगल समर ऑफ कोड २००५ पासून मुलांना घरबसल्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांवर काम देतो, मार्गदर्शक देतो आणि पैसेही देतो; त्यात भारतीय मुलं मोठ्या संख्येनं असतात. कॉलेजची प्रवेश यंत्रणा, ग्रंथालय, जवळची सहकारी बँक, नगरपरिषद, ग्रामीण रुग्णालय, सगळीकडे चालू सॉफ्टवेअर आहे आणि त्यात दुरुस्त्या हव्या आहेत. वॉटर्लूच्या चौघांनी जे केलं, ते साताऱ्यातल्या किंवा नांदेडमधल्या कॉलेजात होऊ शकतं. अट एवढीच, की काम तपासणारा माणूस कॉलेजनं नेमावा आणि त्याच्या वेळेचा मोबदला द्यावा.

प्रवेशाच्या फेरीत कॉलेज निवडताना पालकांनी प्लेसमेंटचे आकडे जरूर बघावेत, पण त्याआधी तीन प्रश्न विचारावेत: गेल्या वर्षी तिसऱ्या वर्षाची मुलं इंटर्नशिपला कुठे गेली, ती जागा कोणी मिळवून दिली, आणि त्यांचं काम कोणी तपासलं? उत्तरं लेखी मागावीत. आणि इंटर्नशिपसाठी जो पैसे मागेल, त्याला एक रुपयाही देऊ नये.